व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत

आज माझ्या घरच्या टीव्हीवर किती वाहिन्या दिसतात, हे मला ठाऊक नाही. १९७५ साली मात्र झोपेतून उठवून विचारलं असतंत तरी सांगितलं असतं : एक. आणि ती एक कोणाची, तर सरकारची.

मुंबईत दूरदर्शन सुरू झालं ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. आमच्या गिरगावातल्या चाळीत ते अवतरलं दुसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे, शटरच्या लाकडी पेटीतून. त्या दिवसापासून काकांची खोली काकांची राहिली नाही. ‘छायागीत’ला तीस माणसं, रविवारच्या सिनेमाला पन्नास. काका स्वतः दारात उभे राहून आपलाच टीव्ही पाहुण्यासारखा बघत. काकू बिचाऱ्या मोरीत बसून भाकऱ्या थापीत.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली. दिल्लीत बऱ्याच वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीजच तोडली. मग सेन्सॉर आला. ‘इंडियन एक्स्प्रेस’नं अग्रलेखाची जागा कोरी सोडली. मुंबईच्या ‘टाइम्स’मध्ये तर छोट्या जाहिरातींत कोणा चतुर माणसानं लोकशाहीचीच निधनवार्ता छापून आणली, अगदी ख्रिस्ती आडनाव लावून आणि मागे राहिलेल्या नातलगांसकट! सेन्सॉर अग्रलेख तपासत होता. मयताच्या जाहिराती कोण वाचतो?

टीव्हीला सेन्सॉरची गरजच नव्हती. घरच्या जावयावर कोणी पहारा बसवतं का? रोज संध्याकाळी वीस कलमी कार्यक्रम यायचा, हसरे शेतकरी यायचे आणि वेळेवर धावणाऱ्या गाड्या यायच्या. आमची आजी चार दिवस निमूटपणे बघत होती. पाचव्या दिवशी म्हणाली, “अरे, ह्या बातम्या आहेत की सत्यनारायणाची पोथी? प्रत्येक अध्यायाच्या शेवटी सगळ्यांचं भलंच होतंय!”

मे १९७६ मध्ये सरकारनं किशोरकुमारची गाणी आकाशवाणी-दूरदर्शनवरून बंद केली. सरकारी प्रचाराच्या कार्यक्रमाला त्यानं मान तुकवली नाही, एवढाच त्याचा गुन्हा. आमच्या चाळीतल्या नळावर मात्र ही बंदी कोणी लागू केली नाही. तळमजल्यावरचा एक गिरणीतला गडी पहाटे दात घासता घासता किशोरकुमारची गाणी म्हणायचा, यॉडलिंगसकट, तोंडात मिसरी असताना! एरवी त्याला शिव्या घालणारी मंडळी त्या वर्षी बादल्या घेऊन मुकाट्यानं उभी राहात. चाळीच्या इतिहासात नळाच्या रांगेनं कोणाला ‘आणखी एक होऊ दे’ म्हटल्याची ही एकमेव नोंद.

पण हसण्याजोगं सगळंच नव्हतं. काकांच्या खोलीत टीव्हीसमोरची एकुलती एक लोखंडी खुर्ची मास्तरांची. वयाचा मान आणि गुडघ्याचं दुखणं, अशा दुहेरी हक्कानं ती त्यांना मिळालेली. एके दिवशी भल्या पहाटे पोलीस आले आणि मास्तरांना घेऊन गेले. मिसाखाली. येरवड्याला नेल्याचं कळायलाच आठ दिवस गेले. अटक झालेल्यांची नावं छापायला मनाई होती, तेव्हा कागदोपत्री काहीच झालं नव्हतं.

रविवारी सिनेमाला नेहमीसारखी गर्दी जमली. पोरं एकमेकांच्या मांडीवर, बायका दारात, दोघंतिघं खिडकीच्या कट्ट्यावर. पण मास्तरांच्या खुर्चीवर कोणी बसलं नाही. कोणी कोणाला सांगितलंही नव्हतं. पुढे कित्येक महिने ती खुर्ची त्या गर्दीत रिकामीच राहिली. टीव्ही काय वाट्टेल ते सांगो, खोलीतली खरी बातमी ती खुर्ची देत होती, आणि तिला कात्री लावणार कशी?

मास्तरीणबाई रोज बातम्यांना येत आणि खुर्चीशेजारी खाली बसत. एकदा काकू म्हणाल्या, “अहो, कशाला बघता रोज? त्यात आपल्यातलं काही नसतं.” बाई म्हणाल्या, “हो, पण ह्यांना सोडलं तर सांगतील ना?” काकूंनी उत्तर दिलं नाही. चहा टाकला. पुढे शहा आयोगानं मोजलं तेव्हा असे स्थानबद्ध लाखाच्या वर निघाले. त्यांच्या घरी बातम्यांना कोण बसत होतं, ते कोणत्याही अहवालात नाही.

जानेवारी १९७७ मध्ये निवडणूक जाहीर झाली. ६ फेब्रुवारीला दिल्लीत रामलीला मैदानावर जयप्रकाश आणि बाबू जगजीवनराम यांची सभा ठरली. सभेला कोणी जाऊ नये म्हणून दिल्ली दूरदर्शननं त्याच संध्याकाळी चक्क ‘बॉबी’ लावला! तरी लोक घरची डिंपल सोडून मैदानावर गेले. ‘बाबूंनी बॉबीला हरवलं’ अशा अर्थाचा मथळा वाचून काका म्हणाले, “आपल्याकडे कधी लावतील हो?” काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की, काकांनी स्वतःच शटर ओढून घेतलं.

त्याच महिन्यात मास्तर सुटले. दूरदर्शननं ते सांगितलं नाहीच. संध्याकाळी ते काठी टेकत आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “आवाज जरा वाढवा.” मास्तरीणबाई त्या दिवशी बातम्यांना आल्याच नाहीत. घरी पुरणपोळ्या लाटत होत्या.

त्या काळी चालू कार्यक्रम मध्येच बंद पडला की, पडद्यावर ‘व्यत्यय’ अशी पाटी लागे आणि खेद व्यक्त होई. दोन मिनिटांचा खोळंबा, पण दूरदर्शन दिलगीर! २१ मार्च १९७७ रोजी आणीबाणी उठली. एकवीस महिन्यांचा व्यत्यय होता. पाटी काही लागली नाही.