पत्रिकेची इंग्रजी बाजू

गेले पंधरा दिवस घरात पत्रिकापुराण चालू आहे. लेकीचं लग्न! मराठी मजकुराला काही अडचण आली नाही, 'आमचे येथे श्रीकृपेकरून'ची गाडी आपोआप रुळावरून धावते. घोडं अडलं ते इंग्रजी बाजूवर. होणारे जावई बंगळूरचे, घरचे कन्नड. ती मंडळी आपली मराठी कशी वाचणार?

लेकीची इच्छा होती की इंग्रजी मजकूर आजोबांनी हातानं लिहावा आणि तोच छापावा. बाबांचं इंग्रजी अक्षर चाररेघी वहीतलं, टाकाचं. खाली येताना दाब द्यायचा, वर जाताना निब नुसतं टेकवायचं. जाड-बारीक रेघ त्यातूनच येते. नात्यातल्या निम्म्या लग्नांची पाकिटं त्यांनी लिहिली आहेत. पण आता हात थरथरतो. तीन कागद वाया गेल्यावर त्यांनी टाक पुसून ठेवला. "तुमच्या त्या कॉम्प्युटरवर करा काहीतरी," म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं.

मग मी फॉन्ट शोधत बसलो. मॅकवर सापडला स्नेल राउंडहँड. मॅथ्यू कार्टर यांनी १९६५ साली केलेला, चार्ल्स स्नेल या लंडनच्या जुन्या लेखनगुरूच्या वळणावरून. (संगणकाच्या पडद्यावर आपण वर्षानुवर्षं वाचत आलो ते व्हर्डाना आणि जॉर्जिया, तेही याच कार्टरचे.) शिशाच्या खिळ्यांत असं तिरकं, हातात हात घातलेलं अक्षर बसवणं महाकठीण. खिळा चौकोनी, त्याबाहेर डोकावणारं नाजूक शेपूट मोडायचं. पुढे अक्षरं फोटोच्या तंत्रानं जुळवायला लागले तेव्हा हा काच सुटला. स्नेल राउंडहँड त्या नव्या यंत्रांसाठीच घडवला गेला.

प्रेसमधल्या मुलानं पहिलं प्रूफ आणलं त्यात आमचं आडनाव सगळं कॅपिटलमध्ये! प्रत्येक अक्षराला आपापला फुलोरा. आडनाव आहे की जाळीचा पडदा, कळेना. या वळणात पहिलंच अक्षर मोठं शोभतं, पुढची लहान. दोनदा सांगितल्यावर बदललं.

दुसरं प्रूफ बाबांच्या हातात देताना मला उगाच अपराधी वाटत होतं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ धरला.

"वळण चोख आहे. पण हे दोन 'आर' बघ. तंतोतंत एक. आम्हाला नाही जमलं कधी हे."

कौतुकानं म्हणाले की चिडून, मला कळलं नाही. विचारलंही नाही.

काल पत्रिका छापून आल्या. पहिली गणपतीपुढे ठेवायची. बाबांनी आपणहून टाक मागितला. लेकीनं दौत धरली, मी पाकीट. मराठीतच लिहायचं होतं, 'श्री गजानन', एवढंच. काना वाकडा गेला, 'न'पाशी शाई फुटली.

"दुसरं पाकीट दे," बाबा म्हणाले.

तोवर लेकीनं ते ओलं असतानाच देवापुढे नेऊन ठेवलं होतं.