चौकटीचे माप

(तृतीय वर्ष, कला)

सायकल मोडते म्हणजे नेमके काय मोडते, हा प्रश्न गेल्या ऑक्टोबरपर्यंत मला कधी पडला नव्हता. ट्यूब पंक्चर होते, चेन तुटते, ब्रेकचे रबर झिजते. ही सगळी दुखणी सर्दी-पडशासारखी. कोपऱ्यावरच्या दुकानात अर्ध्या तासात बरी होणारी. पण सायकलीचे हाडच मोडते आणि त्या हाडाला प्लॅस्टर घालता येत नाही, हे मला दिवे घाटात कळले.

मी सासवडची. शिक्षणासाठी पुण्यात वसतिगृहावर राहते आणि महिन्यातून दोन शनिवार सायकलने घरी जाते. अंतर साधारण तीस किलोमीटर. आषाढात ज्ञानेश्वर माउलींची पालखी ज्या घाटातून वर चढते, त्याच घाटाने माझीही ही छोटीशी वारी चालते. सायकल रेसिंगची, ॲल्युमिनियमची, बाराव्वीनंतर जुनी घेतलेली. तिने मला आंतरमहाविद्यालयीन शर्यतीत नववा क्रमांक मिळवून दिला. नववा क्रमांक काही सांगण्यासारखा नसतो, पण मी तो सगळ्यांना सांगितला होता.

त्या शनिवारी घाटाच्या मध्यावर खालून 'कट्' असा आवाज येऊ लागला. उजवा पाय दाबला की कट्, दाबला की कट्. आधी पेडल सैल झाले असेल वाटले. उतरून पाहिले, रुमालाने पुसले. पेडलची धुरी ज्या जाड नळीतून जाते, तिच्या मागच्या बाजूला, जोडाला लागून एक काळी रेघ होती, केसाएवढी. पुसली तरी जाईना. हाताने दाब दिला तर ती रेघ किंचित उघडली आणि मिटली. माझ्या पोटात खड्डा पडला. पुढची वाट सायकलीसकट एका रिकाम्या टेम्पोतून केली. तो मार्केट यार्डात सीताफळे उतरवून परत येत होता. "ताई, गियरची सायकल अन् टेम्पोत?" असे चालकदादांनी विचारले, तेव्हा मला उत्तर सुचले नाही.

घरी त्या रात्री बैठक बसली. बाबांचे मत स्पष्ट होते. "झालं ते बरंच झालं. मावशीकडची जुनी स्कूटर पडून आहे. थोडे पैसे घालून ती घे. घाटात सायकल मारायची ही काय हौस म्हणायची?" आई काही बोलली नाही. आई ब्लाउज शिवते. सकाळी निघताना तिने डब्यातून तीन हजार रुपये काढून माझ्या हातावर ठेवले. तीन हजार म्हणजे किती ब्लाउज, हा हिशेब मी मनातल्या मनात केला आणि मग तो करायला नको होता असे वाटले. शिकवण्यांचे माझे पाच हजार होते. एकूण भांडवल रुपये आठ हजार.

आता बाकी सायकल धडधाकट होती. चाके, गियर, ब्रेक, हँडल, सगळे शाबूत. हवी होती फक्त चौकट, म्हणजे फ्रेम. मला वाटले, शर्टाची कॉलर बदलावी तशी ती बदलता येईल. किती भाबडी होते मी!

पहिला विचार अर्थातच वेल्डिंगचा. भोसरीत एक कारागीर आठशे रुपयांत जोडून द्यायला तयार होता. पण कसब्यात ज्यांच्याकडे मी सायकल दुरुस्तीला नेते, त्या अण्णांनी मान हलवली. अण्णा तरुणपणी मुंबई-पुणे शर्यतीत उतरलेले. बोरघाटात जो सर्वांत आधी वर पोचतो त्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. अण्णा राजा झाले नाहीत, पण राजाच्या मागे बरेच जवळ होते असे ते सांगतात. ते म्हणाले, "लेकी, हे ॲल्युमिनियम भट्टीत तापवून कणखर केलेलं असतं. वेल्डिंगची झळ लागली की जोडाभोवतीचा भाग परत मऊ पडतो. सगळी फ्रेम पुन्हा भट्टीतून काढली तर गोष्ट वेगळी. ती भट्टी आठशे रुपयांत येत नाही. आणि हे तुटेल तेव्हा तू घाट उतरत असशील."

दुसरा मार्ग नव्या चौकटीचा. एका बड्या दुकानात चिमट्यासह अकरा हजार सांगितले. तेथून मी नमस्कार करून बाहेर पडले.

मग आला मोहाचा क्षण. एका ओळखीच्या मुलाकडे कार्बनची चौकट होती, काळीभोर, झगझगीत, एका हाताच्या दोन बोटांवर उचलली जाईल अशी. किंमत फक्त साडेसात हजार. शर्यत डिसेंबरात होती. या चौकटीवर मी नवव्यावरून थेट तिसऱ्या क्रमांकावर जाणार, असे मला त्या रात्री स्वप्नही पडले. दुसऱ्या दिवशी अण्णांना फोटो दाखवला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "स्वस्त का देतोय?"

मुलगा प्रामाणिक होता. एकदा पडली होती, पण काही झाले नाही, असे त्याने सांगितले. अण्णांचे म्हणणे असे की पोलाद आधी वाकते, कुरकुरते, बहुधा सूचना देते. कार्बनची इजा आतल्या थरात राहते आणि वरून दिसेलच असे नाही. शिवाय खरा खर्च पुढेच होता. त्या चौकटीत धुरीच्या वाट्या आट्यांनी बसत नाहीत, दाबून बसवतात. म्हणजे माझी धुरी निकामी, कदाचित क्रँकही. पुढची नळी खाली रुंद होत जाणारी. म्हणजे माझा चिमटा निकामी. अण्णांनी एका बिलाच्या पाठीवर बेरीज केली. साडेसात हजारांची चौकट रस्त्यावर येईपर्यंत सोळा हजारांची होत होती. चौकटीची किंमत म्हणजे चौकटीची किंमत नव्हे, हे मला तेव्हा कळले. आपल्याजवळचे किती सामान तिच्यावर बसते, यावर तिची खरी किंमत ठरते.

तरीही माझे मन त्या काळ्या झगमगाटातून निघेना. म्हणून रात्री आईला फोन केला. तिला कार्बन आणि कोळसा यांतला फरक सांगण्याच्या भानगडीत मी पडले नाही. तिने विचारले, "माप बरोबर आहे का?" मी म्हटले, "थोडी मोठी आहे, पण सीट खाली घेता येईल." आई म्हणाली, "सीट खाली घेशील, पण हात पोचायला नकोत का? कापड कितीही भारी असू दे, छातीत बसलं नाही तर तो ब्लाउज दुसरीचाच."

सकाळी मी पट्टी घेऊन मापे घेतली. माझी उंची पाच फूट दोन इंच. सीटची उंची खालीवर करता येते, पण दांडी, म्हणजे सीटपासून हँडलकडे जाणारी वरची नळी, ताणता किंवा आखडता येत नाही. माझ्या मोडक्या सायकलीची दांडी बावन्न सेंटिमीटर होती. त्या कार्बनची साडेचोपन्न निघाली. अडीच सेंटिमीटर म्हणजे एक इंचभर. एवढ्याने काय होते? तर तासाभराने मान आणि खांदे दुखू लागतात आणि उतारावर ब्रेक धरायला हात ओढावा लागतो. जुन्या बाजारात मिळणाऱ्या बहुतेक चौकटी उंच मुलांच्या मापाच्या असतात. मी दोन रविवार हिंडले. पुण्याला एकेकाळी सायकलींचे शहर म्हणत. त्या शहरात माझ्या मापाची एक चौकट सापडू नये याचा मला रागही आला.

अखेर अण्णांनाच आठवले. सदाशिव पेठेत एका आजोबांच्या माळ्यावर एक जुनी इंग्लिश फ्रेम पडून होती. आजोबांनी ती सत्तरच्या दशकात विलायतेत शिकायला गेले असताना घेतली होती. आम्ही माळ्यावरून ती खाली काढली. तिच्यावर धुळीचा थर, कोळ्यांची जाळी आणि गंजाचे ठिपके होते. मला ती पाहून रडू यायचेच बाकी राहिले. अण्णांचा चेहरा मात्र उजळला. सीटचा दांडा त्यांनी सहज फिरवून बाहेर काढला (तो गंजून अडकला असता तर आमचा सौदा तिथेच संपला असता) आणि कॅलिपर लावून म्हणाले, "सत्तावीस पूर्णांक दोन." नळीची बाहेरची जाडी २८.६ मिलिमीटर, आतला दांडा २७.२, म्हणजे नळीची काट जेमतेम अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची. साध्या सायकलीची नळी जाड असते, म्हणून तिचा दांडा याहून बारीक असतो. पुढे धूळ पुसल्यावर फिकट लेबलावर ५३१ हा आकडा दिसला. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीने १९३५ साली बाजारात आणलेली ही नळी. कित्येक वर्षे शर्यतीच्या सायकली हिच्यापासून बनत.

मग तपासणी सुरू झाली. दांडी आणि खालची नळी पुढच्या नळीला जिथे मिळतात, तिथल्या रंगावर बोट फिरवले. समोरून धडक बसली असेल तर तिथे रंगाला सुरकुती पडते, पडलेली नव्हती. टॉर्च लावून नळीच्या आत पाहिले. गंज वरवरचा होता. पुढच्या नळीपासून मागच्या पट्ट्यांपर्यंत दोरा ताणून दोन्ही बाजूंचे अंतर मोजले, सारखे आले. धुरीचे आटे इंग्लिश, रुंदी ६८ मिलिमीटर. माझी धुरी जशीच्या तशी बसणार! इटालियन असती तर रुंदी ७० आणि आटेही वेगळे. शेवटी मी आईची शिवणाची टेप काढली आणि दांडी मोजली. साडेबावन्न.

आजोबांनी किंमत सांगण्याआधी विचारले, "चालवणार आहेस, की भिंतीवर टांगणार? मागे एकजण हॉटेलात शोभेला टांगायला मागत होता." मी म्हटले, "आजोबा, दिवे घाट चढवणार आहे." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तीन हजार दे. आणि एकदा आणून दाखव."

वाचकहो, चौकट मिळाली म्हणजे सायकल झाली असे नाही. मागच्या चाकासाठी या चौकटीत १२६ मिलिमीटर जागा होती. माझ्या आठ गियरच्या चाकाला हवी १३०. अण्णांनी लाकडी फळीचा आधार देऊन दोन्ही बाजू हळूहळू दोन-दोन मिलिमीटर बाहेर घेतल्या आणि पुन्हा दोरा ताणून पाहिला. पोलाद हे सोसते. ॲल्युमिनियमवर असा प्रयोग करायचा नसतो. चौकट सत्तावीस इंची चाकांसाठी बनवलेली, माझी चाके ७००ची. दोन्ही रिमांच्या त्रिज्येत चार मिलिमीटरचा फरक. त्यामुळे माझे ब्रेक रिमपर्यंत पोचेनात आणि लांब हातांचे जुने ब्रेक शोधावे लागले. हँडल बसवायला जोडतुकडा लागला.

हिशेब असा झाला : चौकट व चिमटा ३,०००, हँडलखालच्या वाट्या ४५०, जोडतुकडा ४००, गियरचे पट्टे व तारा ३५०, ब्रेक ९००, गंज काढून रंग १,२००, मजुरी ७००. एकूण सात हजार. मजुरी अण्णांनी कमी लावली हे मला माहीत आहे. त्यांना ते बोलून दाखवण्याची माझी हिंमत नाही.

एक शंका उरली होती, वजनाची. किराणा दुकानातल्या काट्यावर दोन्ही चौकटी चिमट्यासह ठेवल्या. मोडकी २.२ किलो, नवी-जुनी ३ किलो. फरक ८०० ग्रॅम; पाण्याची एक भरलेली बाटली. मी कला शाखेची, तरी त्रैराशिक येते. मी आणि सायकल मिळून ६४ किलो. घाट चढायला मला वीस मिनिटे लागतात. वेळ वजनाच्या प्रमाणात वाढतो असे धरले, तर पंधरा सेकंद जास्त लागतील. ज्या पंधरा सेकंदांसाठी मी आईचे तीन हजार रुपये एका पडलेल्या कार्बनवर लावायला निघाले होते, ती मी घाटाच्या पायथ्याशी चहा पिताना सहज घालवते.

डिसेंबरातल्या शर्यतीत माझा सहावा क्रमांक आला. त्याचे श्रेय चौकटीला किती आणि त्या महिन्याभरातल्या सरावाला किती, हे मला ठरवता येत नाही. पण शेवटच्या पाच किलोमीटरांत माझी मान दुखत नव्हती, एवढे मात्र खरे.

शर्यतीनंतरच्या रविवारी आजोबांना सायकल दाखवून आले आणि पुढच्या शनिवारी घरी गेले. आईने हात पुसत अंगणात येऊन सायकल न्याहाळली, रंगावरून बोट फिरवले आणि मग सवयीने गळ्यातली टेप काढून दांडीला लावली. "बसलं," एवढेच म्हणाली. उरलेले हजार रुपये मी तिला परत दिले. ते तिने मोजले नाहीत.

बाबा ओसरीवर पेपर वाचत होते. जेवणे झाल्यावर कंदिलाच्या खिळ्याशी टेकवलेल्या सायकलीकडे पाहून म्हणाले, "घंटी नाही बसवली?" मी सांगितले, रेसिंगच्या सायकलीला घंटी नसते, वजन वाढते. ते काही बोलले नाहीत. सकाळी निघायच्या वेळी पाहते तो हँडलवर एक नवी कोरी, पितळी, आमच्या लहानपणीच्या सायकलींना असायची तशी घंटी बसवलेली. बाबा आत होते.

तिचे वजन मी केलेले नाही.