बोटांना लागलेली गाठ

बंगळुरूच्या दक्षिणेला, होसूर रस्त्यावर इलेक्ट्रॉनिक सिटी वसली आहे. नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून येऊन इथल्या फ्लॅटमध्ये स्थिरावलेली मराठी कुटुंबे काही कमी नाहीत. आईबाबा दिवसभर ऑफिसात, मुले शाळेत. अशा घरात संध्याकाळी दाराशी शेपटी हलवत उभी राहणारी कुत्री लेकीसारखीच होऊन जाते. मग एक दिवस तिच्या पोटावरून हात फिरवताना वाटाण्याएवढी गाठ लागते. "अहो, चरबीची असेल. तिला दुखतही नाही," असे म्हणून विषय संपतो. धोका नेमका इथेच असतो.

नसबंदी न झालेल्या कुत्रीला होणाऱ्या गाठींत स्तनांच्या गाठी सर्वाधिक आढळतात. तिला बहुधा स्तनांच्या पाच जोड्या असतात आणि गाठी जास्त करून मागच्या दोन जोड्यांत येतात. ढोबळ मानाने त्यातल्या निम्म्या साध्या, तर निम्म्या कर्करोगाच्या निघतात. कोणती कुठली, हे नुसत्या स्पर्शाने डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही.

हा रोग पसरतो कसा? दुधाच्या नलिकांना आतून अस्तर असते. त्या अस्तराच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून राहतात. हे धरून ठेवण्याचे काम ई-कॅडहेरिन नावाचे प्रथिन करते. कर्करोगाच्या काही पेशींत ते कमी होते आणि पकड सुटते. पेशी लांबट होतात, सरकू लागतात, अस्तराखालचा पडदा भेदून लसिकावाहिन्यांत आणि रक्तवाहिन्यांत शिरतात. पहिला मुक्काम बहुधा काखेतल्या किंवा जांघेतल्या लसिकाग्रंथींत, नंतर फुप्फुसांत. म्हणूनच शस्त्रक्रियेआधी डॉक्टर छातीचा एक्स-रे काढायला सांगतात.

स्त्रियांच्या स्तनाच्या कर्करोगातही पेशी अशाच बदलतात. त्यातून कुत्री आपल्याच घरात, आपल्याच हवेत वाढते आणि तिला हा रोग आपोआप होतो. त्यामुळे संशोधकांना तिच्याकडून बरेच शिकता येते. टाशा नावाच्या बॉक्सर कुत्रीचा जनुकसंच २००५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हापासून ही तुलना सोपी झाली. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या बायोटेक पार्कमध्येही जनुकांचा अभ्यास करणाऱ्या संस्था आहेत. पण शेजारी कितीही मोठी प्रयोगशाळा असली, तरी गाठ पहिल्यांदा सापडते ती घरच्याच बोटांना.

"एकदा तरी पिल्ले होऊ द्या तिला," असे घरातली वडीलधारी माणसे मायेने म्हणतात. पिल्ले झाल्याने कुत्रीचे या रोगापासून रक्षण होते, असे मात्र दिसलेले नाही. १९६९ सालच्या एका अमेरिकी अभ्यासानुसार, नसबंदी न झालेल्या कुत्रीच्या मानाने, पहिल्या माजाआधी नसबंदी झालेल्या कुत्रीला हा धोका अवघा ०.५ टक्के, तर एका माजानंतर ८ टक्के राहतो. हे आकडे इतके नेमके मानावेत का, यावर पुढे तज्ज्ञांनी शंका घेतल्या आहेत. शिवाय मोठ्या जातींच्या कुत्र्यांत फार लवकर नसबंदी केल्यास सांध्यांचा त्रास संभवतो. तेव्हा योग्य वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवावी.

महिन्यातून एकदा तिला आडवी करून, काखेपासून जांघेपर्यंत बोटांनी हळुवार चाचपावे. तीन सेंटीमीटरहून लहान असताना काढलेल्या गाठीत बरे होण्याची आशा जास्त असते. मुक्या जिवाला आपले दुखणे सांगता येत नाही. रोजच्या लाडातच थोडी तपासणी मिसळली, तर ते वेळेवर कळते.