मुरमात गेलेला माळ

तो माळ गेला, याचा राग अजून उतरत नाही. जेजुरीच्या अलीकडे, पालखीच्या वाटेपासून हाकेच्या अंतरावर होता. वर शेंदूर फासलेला म्हसोबा आणि पायाखाली गारेच्या कपच्या. नखाएवढी पाती, बारीक टवके काढून मुद्दाम धार आणलेली. सूक्ष्मास्त्रं. लोखंड ठाऊक होण्याआधी हजारो वर्षं माणसं ती लाकडात, हाडात बसवून वापरत.

दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याभोवतीचे असे माळ पायी हिंडले. आडरानातल्या देव्या, म्हसोबे आणि वारीच्या वाटा यांच्या मुळाशी कळपांमागे फिरणाऱ्या माणसांच्या वाटा असाव्यात, असं त्यांनी १९६२ च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’त मांडलं. मला ते पटतं. पावसाळ्यात घाटमाथ्याच्या चिखलात मेंढरांचे खूर कुजतात, म्हणून धनगर पूर्वेच्या कोरड्या मुलखात राहतो आणि दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतो. आषाढीची पालखीही दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण अशी कोरड्या मुलखाकडेच जाते. पण पायवाटेचं वय काढायचं कशावरून? तिच्या कडेला पडलेल्या या कपच्याच काय ते सांगणार.

रस्ता रुंद व्हायचा होता, मुरूम जवळचा हवा होता. पोकलेन लागलं. म्हसोबाला नारळ फोडून, मान देऊन थोडं पलीकडे नव्या ओट्यावर बसवलं. मी मुकादमाला कपच्या दाखवल्या.

“ताई, देव नीट हलवलाय. मग राहिलं काय?”

काय राहिलं, तेच मी त्याला सांगत बसले. कुठली कपची कुठल्या थरात होती, देवापासून किती लांब, शेजारी काय होतं, हे मोडलं की हातात उरते ती नुसती गार. त्यानं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला. डंपर भरतच होते. माळ उकरायच्या आधी जाणत्या माणसानं एकदा तो पायाखाली घालावा, नकाशावर खुणा कराव्यात, एवढं तरी सक्तीचं हवं. देवाला जेवढा मान मिळाला, तेवढा त्याच्याखालच्या मातीलाही मिळायला हवा होता.

पुढच्या आषाढीला आई त्याच रस्त्यानं चालली. गुडघे दुखरे, तरी गाड्यांच्या रेट्यात न सापडता कडेकडेनं निवांत गेली. मला फार बरं वाटलं. रस्ता नको होता, असं मला म्हणताच येत नाही. मुरूम मात्र दुसरीकडून आणता आला असता. ओढ्यापलीकडे पडीक खाण होतीच.