दोन वह्या

भोपाळला राहायला येऊन मला सत्तावीस वर्षं झाली. त्यातली शेवटची सहा वर्षं, आठवड्यातून तीन दुपारी, मी जुन्या शहरात बायकांना लिहा-वाचायला शिकवते. कुणी विचारलं तर ‘प्रौढ साक्षरता वर्ग’ असं सांगते, म्हणजे पुढचे प्रश्न टळतात. बायका मात्र त्याला ‘दीदी की क्लास’ म्हणतात. आणि साक्षर व्हायला आलोय असं त्यांच्यापैकी एकीनंही आजवर म्हटलेलं नाही. प्रत्येकीचं काम ठरलेलं असतं. एकीला नातवाच्या शाळेची डायरी वाचायची असते, एकीला एटीएममधून स्वतःचे पैसे स्वतः काढायचे असतात. एक खाला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “बस इत्ता सिखा दो दीदी, के अंगूठा नईं लगाना पड़े.”

हे शहर बायकांच्या शिक्षणाला अनोळखी नाही. 1819 ते 1926 या काळात चार बेगमांनी इथला कारभार पाहिला. त्यातल्या शेवटच्या सुलतान जहाँ बेगम 1920 साली अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या. आणि 2011च्या जनगणनेत मध्य प्रदेशातल्या स्त्रियांची साक्षरता साठ टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे सात वर्षांवरच्या दहा जणींतल्या चौघी बाहेर. ज्या आत मोजल्या गेल्या, त्यांतही नाव गिरवून थांबलेल्या किती असतील, ते वर्गात बसलं की कळतं.

माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणी जरदोजीचं काम करतात. लाकडी अड्ड्यावर कापड ताणायचं आणि आरीनं सलमा-सितारे भरायचे. भोपाळी बटवे याच हातांतून निघतात. म्हणून ‘अ अनाराचा’ असलं काही मी काढलंच नाही. आमचा पहिला शब्द ‘आरी’. आ आणि री. त्यातून र, रा, री, मग ‘धागा’, मग ‘मोती’. ब्राझीलच्या पाउलो फ्रेरे यांनी 1963 साली आंजिकुश गावात मजुरांना असंच त्यांच्या रोजच्या जगण्यातले शब्द घेऊन शिकवलं होतं. प्रौढ माणसाला भाषा येतच असते, कागदावरची तिची खूण तेवढी ओळखायची राहिलेली असते. बारीक नक्षी डोळ्यांत साठवणाऱ्या या बायकांना वेलांटीचं वळण सांगावं लागत नाही. अडतं ते जोडाक्षरांपाशी. आणि चष्म्यापाशी. चाळिशी उलटलेल्या बाईला अक्षर येत नाही की दिसत नाही, हे आधी बघावं लागतं.

दहाची नोट हे आमचं दुसरं पुस्तक. तिच्यावर आकडा देवनागरीत आहे, इंग्रजीत आहे, आणि मागच्या बाजूच्या पट्टीत पंधरा भाषा आहेत. एकीनं त्यातली उर्दू ओळ ओळखली. “अब्बा ऐसा लिखते थे,” म्हणाली. मी तिला माझी मराठी ओळ दाखवली. एवढ्याशा कागदावर आम्हा दोघींची माहेरं निघाली.

इंग्रजी मी आपणहून सुरू केलं नाही. ते त्यांनी मागून घेतलं. गावाकडच्या माझ्या वहिनी विचारतात, “अगं, हिंदी धड येत नाही आणि इंग्रजी कशाला?” वहिनींना मी औषधाची पट्टी दाखवते. इंग्रजीचं पहिलं अक्षर इथं ए नाही, ई आहे. ई, एक्स, पी. त्यापुढचा महिना-साल उलटून गेला असेल तर गोळी घ्यायची नाही. ही तीन अक्षरं शिकायला आम्हाला चार दुपारी लागल्या. या शहरात तर हे फारच खरं. 1984च्या डिसेंबरात 2 आणि 3 तारखेच्या मधल्या रात्री वायू पसरला, त्यानंतर कागद सुरू झाले. दवाखान्याचे, दाव्यांचे, कोर्टाचे. 1989 साली सर्वोच्च न्यायालयात 47 कोटी डॉलरची तडजोड झाली, तीही इंग्रजीतच. माझ्या वर्गातल्या एक आपा चाळीस वर्षांचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन येतात. अजून पूर्ण वाचता येत नाहीत. पण कोणता कागद त्यांच्या नावाचा आणि कोणता नवऱ्याच्या, ते आता त्यांचं त्या वेगळं करतात.

आमच्याकडे आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दानं सांगतात. लहानपणी शास्त्रदान म्हणजे मंदिरात ग्रंथ देणं एवढंच डोक्यात होतं. ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंक शिकवले, ही गोष्टही तेव्हाचीच. आता त्यातलं मला एवढंच महत्त्वाचं वाटतं की बापानं मुलींना पुस्तक दिलं नाही, अक्षर दिलं. मात्र वर्गात मी ‘दान’ हा शब्द उच्चारत नाही. दान म्हटलं की समोरच्याला हात पसरावा लागतो. या बायका घरातली भांडी उरकून, मुलीला अड्ड्यावर बसवून येतात. त्या दुपारची मजुरी सोडतात. किंमत त्याच मोजतात.

मजुरीवरून आठवलं. ठेकेदार प्रत्येकीचे नग त्याच्या वहीत मांडतो. महिन्याच्या शेवटी तो वाचून दाखवतो आणि बायका मान हलवतात. आमच्यातल्या एकीनं गेल्या वर्षी स्वतःची वही घातली. तारीख, माल, नग. तिच्या वहीत चौतीस निघाले, त्याच्या वहीत एकोणतीस. तिनं वही पुढे केली. तो हसून म्हणाला, “अब तुम मुनीम हो गईं?” तीन नगांचे पैसे दिले, दोनांचं बाद में देखेंगे.

बाकीच्या जणींनी तिलाच समजावलं. वही घरी ठेव, काम जाईल. त्यांची भीती खोटी नव्हती. पुढचं कापड तिला आठ दिवस उशिरा मिळालं, आणि ते आठ दिवस तिच्या घरात चूल कशी पेटली ते तिनं मला सांगितलं नाही. वर्गाला मात्र एक दुपार चुकली नाही.

कापड आलं तेव्हा तिनं नव्या पानावर तारीख घातली. शेजारी बसलेलीनं ती पाहिली, आणि पर्समधून एक कोरी वही काढून विचारलं, “दीदी, नग कैसे लिखते हैं?”