बाधा आणि साथ

माढा तालुक्यातील मोडनिंब हे पुणे-सोलापूर मार्गावरील गाव. २०२०च्या करोनाकाळात तेथील एका घरी तपासणीचा अहवाल इंग्रजीत आला. त्यात महत्त्वाचा शब्द एकच होता : ‘पॉझिटिव्ह’. तो आजीला कसा सांगावा, या विचाराने महाविद्यालयात शिकणारा नातू उंबऱ्याशी थबकला. ‘सकारात्मक’ म्हणावे, तर वार्ता शुभ वाटणार. वर्तमानपत्रातील ‘करोनाबाधित’ म्हणावे, तर आजीला त्यातील बाधाच ऐकू येणार; आणि बाधा ही तिच्या लेखी बाहेरची असते, ती उतरवावी लागते.

रोगाच्या नावाचे भाषांतर ही केवळ कोशापुरती बाब नाही, हे अशा वेळी उमगते. संज्ञेवरून रोग ओळखू यावा, तशीच त्यापुढील कृतीही कळावी, अशी अपेक्षा असते. ‘टायफॉईड’चेच उदाहरण घ्यावे. मराठीत त्याला विषमज्वर म्हणतात. परंतु आयुर्वेदात विषमज्वर ही अनियमितपणे चढणाऱ्या-उतरणाऱ्या तापांची संज्ञा असून, तिचे तृतीयक व चतुर्थक हे प्रकार आजच्या हिवतापाशी अधिक जुळतात. जुने नाव दुसऱ्या रोगाला दिले गेले आणि अर्थ सरकला. इंग्रजी-रशियन भाषांतरातही असाच पेच आहे. टायफॉईडला रशियनमध्ये ‘ब्र्युश्नोय तीफ’, म्हणजे पोटाचा तीफ, म्हणतात. टायफसला ‘सिप्नोय तीफ’, म्हणजे पुरळाचा तीफ. यातील विशेषण गळले, की पाणी उकळावे की उवा माराव्यात, हेच कळेनासे होते. कारण पहिला दूषित अन्नपाण्यातून पसरतो, तर दुसरा उवांमार्फत.

मराठीत २०२० साली ‘अलगीकरण’ आणि ‘विलगीकरण’ या शब्दांनी असाच घोळ घातला. पहिला रुग्णाच्या संपर्कात आलेल्या, परंतु आजारी नसलेल्या माणसासाठी. दुसरा प्रत्यक्ष रुग्णासाठी. ऐकणाऱ्याला मात्र दोन्हींचा अर्थ ‘वेगळे ठेवणे’ एवढाच लागे. शास्त्राला हवा असलेला भेद पहिल्या अक्षरावर टांगलेला होता.

उलट, लोकभाषेने कधी नवी कल्पनाही सहज आपलीशी केली आहे. देवीच्या रोगावर लस आली, तेव्हा ती टोचण्याला लोक ‘देवी काढणे’ म्हणू लागले. रोगाचे नाव दैवताचे राहिले, परंतु क्रिया माणसाच्या हाती आली. १९८० साली तो रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. वाक्प्रयोग मात्र जुन्या पिढीच्या दंडावरील व्रणांसारखा उरला.

मोडनिंबच्या नातवाजवळ कोश नव्हता. तो आजीला एवढेच म्हणाला, “बाबांना साथीचा आजार झालाय. थोडे दिवस माडीवर वेगळं राहतील.”

आजीने विचारले, “ताट दाराशी ठिवलं तर चालंल का?”

“चालंल. आत तेवढं जाऊ नको.”

नेमके काय करावयाचे, हे आजीला कळले. आणि मुलाविषयी भय वाटण्याचे कारण उरले नाही. ‘साथ’ या शब्दात रोग अनेकांना होतो हे येते, कोणा एकाचा दोष येत नाही. शिवाय मराठीत साथ म्हणजे सोबतही. त्या दिवसांत दोन्ही वेळा माडीच्या दाराशी ताट पोहोचत राहिले.