माग थांबले की

बेळगावच्या वडगावात आमच्या गल्लीत दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट चालायचा. पाहुणे वैतागायचे. मला मात्र तो आवाज हवा असायचा. माग चालू असले की आमच्या घरातलं बाहेर ऐकू जात नसे. लाइट गेली की माग थांबायचे, गल्ली एकदम गप्प व्हायची. मग बाबांचं ओरडणं, भांडी आपटणं, आईचं "पोरं बघायलीत हो," सगळं चार घरांपर्यंत पोचायचं.

मी तेव्हा पाचवीत होतो, बहीण बालवाडीत. बाबांनी आम्हा दोघांना कधी चापटसुद्धा मारली नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण मोठी माणसं तेच म्हणायची, "पोरास्नी हात लावत नाही की! आणि त्यास्नी काय कळतंय?"

कळत होतं. दारात चपला कशा पडल्या यावरून रात्र कशी जाणार ते कळायचं. आमटीत मीठ जास्त झालं की माझ्या पोटात गोळा यायचा. मी बहिणीला घेऊन मागच्या खोलीत बसायचो आणि मोठमोठ्याने पाढे म्हणायचो. तिला बालवाडीतच तेराचा पाढा पाठ झाला. लोक कौतुक करायचे. ती रात्री अंथरूण ओलं करायची, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

समोरच्या काकी मात्र यायच्या. ऐन भांडणात दार वाजवून वाटीभर साखर मागायच्या. बाबा गप्प व्हायचे. जाताना काकी मला म्हणायच्या, "ये की गा, आमच्यात बसून अभ्यास कर." काकींच्या घरी साखर कधीच संपत नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

मी नववीत असताना आई आम्हाला घेऊन घराबाहेर पडली. आता आम्ही तिघं दोन खोल्यांत राहतो. इथं माग नाहीत, टीव्ही आहेत. वरच्या मजल्यावर भांडण सुरू झालं की टीव्ही मोठा होतो. आवाज कोण वाढवतं, हे मला विचारावं लागत नाही. त्यांचा मुलगा सात-आठ वर्षांचा आहे.

वक्तृत्व स्पर्धेसाठी मी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा वाचला होता. त्यातल्या चौथ्या कलमाप्रमाणे शेजारीसुद्धा संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. चांगल्या हेतूने कळवलं तर त्याच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. मुलांसाठी १०९८ आहे, बायकांसाठी १८१. भाषणात हे सगळं मी घडाघडा बोललो, टाळ्याही पडल्या. वरचा टीव्ही मात्र चार महिने नुसता ऐकत राहिलो. आपण कशाला मध्ये पडायचं, असं मलाही वाटलं. मला!

गेल्या महिन्यात एकदा लाइट गेली. टीव्ही बंद पडला आणि सगळं ऐकू आलं. मी वर जाऊन दार वाजवलं आणि मेणबत्ती मागितली. आमच्या घरात चार होत्या.

दुसऱ्या दिवशी आई वरच्या वहिनींशी बराच वेळ बोलली, १८१ नंबर देऊन आली. मी त्या पोराला खाली बोलावलं. "ये की गा, अभ्यासाला." तो आला, पण दाराकडे तोंड करूनच बसला. मीही काकींकडे तसाच बसायचो. म्हणून काही विचारलं नाही, वही उघडून दिली.

१०९८ आता मोबाइलमध्ये आहे. पुढच्या वेळी नुसती मेणबत्ती मागून परत येणार नाही.